रशियाची लष्करी हेलिकॉप्टरे

रशियासारख्या अफाट देशात चांगला रस्ता ही नेहमीच दुर्मीळ वस्तू ठरली आहे. उरल पर्वताच्या पूर्वेस हजारो मैल पसरलेल्या सैबेरियात हिवाळाभर बर्फ, बर्फ वितळू लागले की चिखल, आणि चिखल सुकतो न सुकतो तोच पुन्हा थंडीची चाहूल. या चिखलाच्या दिवसांना रशियन भाषेत ‘रास्पुतित्सा’ असे स्वतंत्र नावच आहे. नेपोलियनच्या तोफा या चिखलात रुतल्या आणि हिटलरचे रणगाडेही रुतले. परंतु परक्यांना अडविणारी ही भूमी स्वकीयांनाही तितकीच अडवीत असे. धावपट्टीवाचून वर चढणारे आणि हातभर मोकळ्या जागेत उतरणारे वाहन या देशाला किती मोलाचे वाटले असेल, याची कल्पना त्यावरून येते. रशियन हेलिकॉप्टरचा इतिहास म्हणजे केवळ एका शस्त्राचा इतिहास नव्हे. बिकट वाटेवरून ओझे वाहून नेण्याच्या एका दीर्घ प्रयत्नाचाही तो इतिहास आहे.

हेलिकॉप्टरला रशियन भाषेत ‘व्हेर्तोल्योत’ म्हणतात. फिरणे आणि उडणे अशा अर्थाच्या दोन धातूंपासून हा शब्द बनलेला आहे. त्यातील पहिला धातू आणि आपल्या संस्कृतातील ‘वृत्’ हे एकाच मुळाचे दोन फाटे होत. हा शब्द निकोलाय कामॉव्ह या अभियंत्याने रूढ केला असे मानले जाते. कामॉव्ह यांचा जन्म १९०२ साली सैबेरियातील इर्कुत्स्क या गावी झाला. सात वर्षांनी, १९०९ साली, त्याच इर्कुत्स्कमध्ये मिखाईल मिल जन्मास आले. रशियाची जवळजवळ सारी लष्करी हेलिकॉप्टरे या दोघांच्या नावांनी ओळखली जातात. बैकल सरोवराजवळच्या एका आडबाजूच्या शहराने दोन्ही आचार्य द्यावेत, हा योगायोग मोठा मनोरंजक आहे.

मात्र कल्पनेची सुरुवात याच्याही पूर्वीची. १७५४ साली लोमोनोसोव्ह या विद्वानाने स्प्रिंगच्या जोरावर फिरणाऱ्या दोन पंख्यांचे एक छोटे यंत्र विज्ञान अकादमीपुढे मांडले होते. पुढे १९११ च्या सुमारास बोरिस युर्येव या मॉस्कोतील विद्यार्थ्याने खऱ्या अडचणीला हात घातला. डोक्यावरचा पंखा एका दिशेने फिरू लागला की यंत्राचे धड उलट दिशेने फिरू पाहते. ते आवरावे कसे? आणि नुसते वर उचलले गेलेले यंत्र पुढे, मागे, बाजूला वळवावे कसे? पहिल्या प्रश्नाला युर्येव यांनी शेपटीवर छोटा आडवा पंखा बसवून उत्तर दिले. दुसऱ्यासाठी त्यांनी अशी तबकडी योजिली, की जिच्या योगाने प्रत्येक पाते एका फेऱ्यातच कुठे अधिक तर कुठे कमी कलते व यंत्र हव्या त्या दिशेला झुकते. १९१२ साली त्यांनी बांधलेले यंत्र प्रदर्शनात गौरविले गेले, परंतु उडाले नाही. कल्पना पुरी होती. पुरेसे बळकट व हलके इंजिन तेवढे नव्हते.

वीस वर्षांनी युर्येव यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झालेले एक यंत्र अलेक्सेई चेरेमुखिन यांनी १४ ऑगस्ट १९३२ रोजी ६०५ मीटर उंचीवर नेले. त्या काळी जगात कुठलेही हेलिकॉप्टर या उंचीच्या जवळपासही पोहोचले नव्हते. पण सोव्हिएत संघ तेव्हा आंतरराष्ट्रीय हवाई संघटनेचा सभासद नसल्याने हा विक्रम अधिकृतपणे नोंदला गेला नाही. नंतरची कथा त्याहून कटू आहे. १९३८ साली स्तालिनच्या राजवटीत चेरेमुखिन यांना अटक झाली आणि इतर अनेक अभियंत्यांप्रमाणे त्यांनाही कैद्यांच्या कार्यशाळेत बसून विमाने आखावी लागली. ज्या राज्याला या यंत्राची सर्वांत अधिक गरज, त्याच राज्याने ते उडविणाऱ्याला कुलपाआड ठेवले.

दरम्यान कामॉव्ह ऑटोजायरोच्या मागे लागले होते. ऑटोजायरो म्हणजे हेलिकॉप्टरचा धाकटा भाऊ. त्याच्या डोक्यावरची पाती इंजिनाने नव्हे, तर पुढून येणाऱ्या वाऱ्याने फिरतात. १९२९ साली कामॉव्ह व स्क्रिझिन्स्की यांनी बांधलेल्या पहिल्या सोव्हिएत ऑटोजायरोच्या कामात विद्यार्थी असलेल्या मिल यांनी हातभार लावला. पुढे १९४१ मध्ये जर्मन सैन्य स्मोलेन्स्कच्या परिसरात येऊन ठेपले, तेव्हा या ऑटोजायरोंची एक छोटी तुकडी आघाडीवर गेली. रात्रीच्या अंधारात शत्रूच्या ठाण्यांवर पत्रके टाकावयाची, एवढेच तिचे काम. तुकडीचे अभियंते होते मिखाईल मिल. फिरत्या पात्यांच्या यानाची रशियन सैन्यातील सेवा सुरू झाली ती अशी, बाँबने नव्हे तर कागदाने.

१९४७ च्या डिसेंबरात मिल यांच्या नावे स्वतंत्र संकल्पन कार्यालय स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी एमआय-१ हे त्यांचे पहिले हेलिकॉप्टर उडाले. हे यश सुखासुखी आले नाही. पहिल्या चाचण्या घेणारे वैमानिक बायकालोव्ह हे १९४९ च्या मार्चमध्ये अशाच एका उड्डाणात प्राणास मुकले. हेलिकॉप्टरला विमानाप्रमाणे पंखांचा आधार नसतो. शेपटीकडे जाणाऱ्या एका दांड्याचा सांधा निखळला तरी सारे संपते. हा धडा मिल यांना फार महागात मिळाला.

यानंतर कोरियाचे युद्ध आले. अमेरिकेची हेलिकॉप्टरे तेथे जखमींना उचलून नेत आणि डोंगरमाथ्यावर सैनिक उतरवीत, तेव्हा मॉस्कोला आपण मागे पडल्याची जाणीव झाली. या यंत्रांचा थोर निर्माता इगोर सिकोर्स्की हा मूळचा कीव्हचा. क्रांतीनंतर देश सोडून अमेरिकेत गेलेला. हे शल्य निराळेच. १९५१ च्या शरदात स्तालिनने विमानांच्या आखणीकारांना क्रेमलिनमध्ये बोलाविले आणि मोठी हेलिकॉप्टरे एका वर्षात हवीत, असे फर्माविले. इतक्या थोड्या मुदतीत हे काम अंगावर घेण्यास बहुतेकांची छाती होईना. बारा सैनिकांचे यंत्र मिल यांनी पत्करले, चोवीस सैनिकांचे याकोव्लेव्ह यांनी.

वर्ष पुरे होण्याच्या आत, १९५२ च्या उन्हाळ्यात, एमआय-४ उडाले. इंजिन नाकात, त्याच्या वर वैमानिकांची बैठक, मागे ऐसपैस पोट आणि शेवटी शिंपल्यासारखी उघडणारी दोन दारे. या दारांतून लहान जीपगाडीसुद्धा आत जाई. पात्यांचे आयुष्य आरंभी फार थोडे होते आणि ते वाढविण्यात कित्येक वर्षे गेली. पण यंत्र दणकट होते, त्याची देखभाल उघड्या माळावर करता येत असे, आणि ते तीन हजारांहून अधिक संख्येने तयार झाले. याकोव्लेव्ह यांच्या यंत्राला मात्र कंपनांच्या दोषाने शेवटपर्यंत छळले आणि थोड्याच काळात ते मागे पडले.

पुढची पायरी टर्बाइन इंजिनाची. १९५७ साली उडालेल्या एमआय-६ ला प्रत्येकी ५५०० अश्वशक्तीची दोन टर्बाइने होती, आणि त्याच्या पंख्याचा व्यास तब्बल ३५ मीटर होता. बारा टन ओझे घेऊन जाणारे असे हेलिकॉप्टर जगाने तोवर पाहिले नव्हते. १९६१ साली एमआय-८ चा पहिला नमुना उडाला. एमआय-४ चे इंजिन नाकातून काढून छपरावर नेले, पुढे त्याच्या जोडीला दुसरे बसविले, आणि रिकाम्या झालेल्या पोटात चोवीस सैनिक मावू लागले. या साध्या बदलाने जे यंत्र निघाले, ते पुढे सुधारित रूपांसह बारा हजारांवर संख्येने बनले आणि पन्नासांहून अधिक देशांत गेले.

कामॉव्ह यांनी वाट निराळी धरली. एकाच दांड्यावर दोन पंखे, परस्परविरुद्ध फिरणारे. म्हणजे शेपटीच्या पंख्याची गरजच उरत नाही आणि यंत्र आटोपशीर होते. जहाजाच्या हलत्या, चिंचोळ्या पाटावर उतरण्यास हीच रचना सोयीची. म्हणून सोव्हिएत नौदलाची पाणबुडीशोधक हेलिकॉप्टरे कामॉव्ह यांची झाली. ‘राजपूत’ वर्गाच्या विनाशिकांबरोबर १९८० पासून तीच भारतीय नौदलातही आली.

भारताचा या यंत्रांशी संबंध मात्र त्याच्याही दोन दशके अगोदर जुळला होता. एमआय-४ हवाई दलात येऊन फार काळ लोटला नव्हता, तोच १९६२ चे चिनी आक्रमण झाले. हिमालयाच्या दऱ्यांतून जखमींना खाली आणण्याचे आणि ठाण्यांवर रसद टाकण्याचे काम या यंत्रांनी केले. त्यांची खरी कसोटी लागली ती १९७१ साली, आणि तीही पर्वतात नव्हे, तर पाण्यात.

पूर्व बंगालची भूमी म्हणजे नद्यांचे जाळे. ढाक्याकडे निघालेल्या भारतीय सेनेपुढे मेघना आडवी होती. पात्र समुद्रासारखे रुंद. आशुगंजचा रेल्वेपूल माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सेनेने ९ डिसेंबर रोजी उडवून दिला. चौथ्या कोअरचे सेनापती लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांनी पूल होण्याची वाट पाहिली नाही. दोनच दिवसांपूर्वी, ७ डिसेंबर रोजी, एमआय-४ च्या साह्याने गुरखा पलटण सिल्हेटजवळ शत्रूच्या मुलखात उतरविण्यात आली होती. तोच प्रयोग आता मोठ्या प्रमाणावर करावयाचे ठरले. ब्राह्मणबारियाच्या बाजूने सैनिक उचलावयाचे आणि नदीपार रायपुऱ्याच्या शेतांत उतरवावयाचे. हवाई दलाच्या बाजूने सूत्रे ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांच्या हाती होती. हाताशी हेलिकॉप्टरे होती ती जेमतेम डझनभर, तीही दहा-बारा माणसे नेणारी. पण ती थांबली नाहीत. दिवसा उडाली तशी रात्रीही उडाली; भातशेतात विजेऱ्यांच्या उजेडावर उतरली; एक खेप टाकली की दुसरीसाठी परतली. थोड्याच दिवसांत नरसिंगदी हाती आली आणि ढाक्याची वाट मोकळी झाली. १६ डिसेंबर रोजी पाकिस्तानी सेनेने शरणागती पत्करली. चंदनसिंग यांना महावीर चक्र मिळाले. या मोहिमेत एमआय-४ ने काय केले? तोफ डागली नाही की नगर जाळले नाही. माणसे पाण्याच्या या तीरावरून त्या तीरावर नेली. युद्धाचा निकाल लवकर लागला आणि लवकर लागल्यामुळे किती प्राण वाचले, याचा हिशेब मांडणे कठीण आहे.

परंतु याच सुमारास रशियात हेलिकॉप्टरला निराळे रूप दिले जात होते. सैनिकांना नेणाऱ्या यंत्रानेच तोफा व अग्निबाण घेऊन लढावे, ते उडती चिलखती गाडी व्हावे, असा मिल यांचा ध्यास होता. सेनाधिकाऱ्यांशी पुष्कळ वाद घालून त्यांनी तो मान्य करून घेतला. सप्टेंबर १९६९ मध्ये एमआय-२४ उडाले, आणि चारच महिन्यांनी, ३१ जानेवारी १९७० रोजी, मिल निवर्तले. आपल्या या अखेरच्या अपत्याचा पराक्रम आणि त्याची अपकीर्ती, दोन्ही पाहावयास ते राहिले नाहीत.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत सेना अफगाणिस्तानात शिरली. हेलिकॉप्टरे नसती तर हे युद्ध चालूच शकले नसते, असे म्हणावयास हरकत नाही. रस्ते थोडे, जे होते त्यांवर घाटाघाटांत दबा धरलेले बंदूकधारी. तेव्हा दाणागोटा, दारूगोळा, जखमी आणि शवेसुद्धा हवेतूनच न्यावी लागत. पण अफगाणिस्तानच्या हवेने या यंत्रांची परीक्षा घेतली. काबूल शहरच सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे. उंचीवरची आणि उन्हाळ्यात तापलेली हवा विरळ असते. तीत पात्यांना पकड मिळत नाही व इंजिनाचा दम उखडतो. सपाटीवर सहज उठणारे यंत्र तेथे अर्धे रिकामे करावे लागे. वैमानिकांनी यावर युक्ती काढली ती विमानासारखे धावत जाऊन उठण्याची. एमआय-८ ला अधिक जोरदार इंजिने बसवून जे नवे यंत्र केले गेले, तेच परदेशांत एमआय-१७ या नावाने ओळखले जाऊ लागले.

एमआय-२४ ला सोव्हिएत सैनिक ‘मगर’ म्हणत. अफगाण खेड्यांना तिचे दर्शन त्याहूनही भयंकर वाटे. तिच्या अग्निबाणांखाली केवळ लढवय्येच सापडले नाहीत. गावे, गुरे, पाण्याचे पाट आणि पोराबाळांसह पळणारी माणसेही सापडली. लाखो अफगाण सरहद्द ओलांडून पाकिस्तानात व इराणात गेले, त्यामागे आकाशातील या भयाचा वाटा मोठा होता. १९८६ च्या सप्टेंबरात जलालाबादजवळ अमेरिकेने पुरविलेली स्टिंगर क्षेपणास्त्रे प्रथम वापरली गेली. खांद्यावर धरून सोडावयाचे हे अस्त्र इंजिनाच्या उष्णतेचा माग काढीत जाते. तेव्हा वैमानिकांनी उष्णता झाकणाऱ्या नळ्या बसविल्या, अस्त्राला चकविण्यासाठी जळते गोळे सोडले, जमिनीला चाटून किंवा रात्री उड्डाण केले. तरीही जेव्हा १५ फेब्रुवारी १९८९ रोजी अखेरची तुकडी आमूदर्या ओलांडून परतली, तेव्हा या युद्धात गमावलेल्या हेलिकॉप्टरांची संख्या ३३३ वर गेली होती. चिलखत जाड केल्याने यंत्र वाचते. धोरण चुकले असेल तर युद्ध वाचत नाही.

अफगाण युद्ध ऐन भरात असतानाच याच वैमानिकांना दुसरी हाक आली. २६ एप्रिल १९८६ रोजी पहाटेपूर्वी चेर्नोबिल येथील चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. जळत्या भट्टीवर वाळू, माती, बोरॉन आणि शिसे टाकावयाचे ठरले. जवळ जाणे जमिनीवरून अशक्य. म्हणून सैन्याची हेलिकॉप्टरे बोलाविली गेली. मेजर जनरल निकोलाय अंतोश्किन यांच्या देखरेखीखाली २७ एप्रिलपासून एमआय-८, एमआय-६ आणि वीस टन ओझे उचलणारी प्रचंड एमआय-२६ या कामी लागली. पहिल्या दिवशी पोती हातांनीच दारातून खाली लोटली जात. भट्टीवर सुमारे दोनशे मीटर उंचीवर स्थिर राहावयाचे, खालून येणाऱ्या तप्त व विषारी झोतात वाकून नेम धरावयाचा, आणि परतावयाचे ते पुढच्या खेपेसाठी. बैठकीखाली शिशाचे पत्रे अंथरून वैमानिक आपल्यापरीने बचाव करीत. सुमारे १८०० उड्डाणांत जवळजवळ ५००० टन सामग्री टाकण्यात आली.

काही वर्षांनी शास्त्रज्ञांनी भट्टीचा अंतर्भाग तपासला, तेव्हा आढळले की त्यातील बहुतेक सामग्री गाभ्यात पडलीच नव्हती. एवढा धोका पत्करून नेमके काय साधले, हा वाद आजही मिटलेला नाही. २ ऑक्टोबर १९८६ रोजी एका एमआय-८ ची पाती तेथील यारीच्या दोरखंडाला लागली, आणि ते भट्टीशेजारीच कोसळून चौघे ठार झाले. तेथे उड्डाण केलेले चाचणी वैमानिक अनातोली ग्रिशेंको यांना पुढे रक्ताचा कर्करोग जडला. १९९० साली अमेरिकेतील सिएटल येथे उपचार चालू असता त्यांचे निधन झाले. किरणोत्सर्गाने दूषित झालेली हेलिकॉप्टरे धुऊनही स्वच्छ होईनात. ती जवळच्या एका माळावर रांगेने गंजत सोडून द्यावी लागली. युद्धासाठी घडविलेल्या यंत्रांनी आणि माणसांनी येथे कुठल्याही शत्रूविरुद्ध नव्हे, तर आपल्याच राज्याच्या प्रमादाविरुद्ध झुंज दिली होती.

भारतात या यंत्रांची सेवा पुढेही चालू राहिली. १९८६ साली एमआय-२६ चंडीगडला आले. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेतील शांतिसेनेबरोबर एमआय-२४ चीच निर्यात आवृत्ती, एमआय-२५, होती. २८ मे १९९९ रोजी कारगिलच्या लढाईत तोलोलिंगजवळ एक एमआय-१७ क्षेपणास्त्राने पाडले गेले व चौघे हवाई सैनिक हुतात्मा झाले. त्यानंतर या यंत्राचा हल्ल्यासाठी वापर थांबविण्यात आला. अफगाणिस्तानने शिकविलेला धडा येथेही तसाच महाग पडला. जून २०१३ मध्ये उत्तराखंडच्या प्रलयात त्याच जातीच्या यंत्रांनी हजारो यात्रेकरूंना दऱ्यांतून बाहेर काढले. आणि त्याच कामात २५ जूनला गौरीकुंडाजवळ एक एमआय-१७ कोसळून वीस जणांचा बळी गेला.

सोव्हिएत संघ १९९१ साली संपला, पण त्याची हेलिकॉप्टरे त्याच्या वारसांत वाटली गेली. यंत्राचा सांगाडा रशियातील कझान व उलान-उदे येथे बने. इंजिने बहुतांशी युक्रेनमधील झापोरिझ्झ्या येथून येत. एका हेलिकॉप्टरमध्ये दोन्ही देश असे एकत्र नांदत होते. २०१४ नंतर हा पुरवठा तुटला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाची एमआय-८ व कामॉव्ह-५२ हेलिकॉप्टरे कीव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर सैनिक घेऊन उतरली. मागून मोठी विमाने येतील ही अपेक्षा होती. पण प्रतिकारामुळे ती उतरू शकली नाहीत, आणि महिनाभरानंतर रशियन सेनेला त्या भागातून माघार घ्यावी लागली. त्याच वसंतात वेढ्यात सापडलेल्या मारिउपोलमध्ये शत्रूच्या फळीवरून उडत जाऊन औषधे पोहोचविणारी आणि जखमींना बाहेर काढणारी युक्रेनची हेलिकॉप्टरेही एमआय-८ च होती. दोन्ही बाजूंना मिल यांचेच यंत्र, आणि पुष्कळदा दोन्हींकडील वैमानिकांचे गुरूही एकाच शाळेतले.

या पाऊणशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. रशियन हेलिकॉप्टर जगभर टिकले ते त्याच्या तोफांमुळे नव्हे. तोफांना उत्तर देणारे अस्त्र आज ना उद्या निघतेच, आणि ते बहुधा यंत्राहून पुष्कळच स्वस्त असते. ते टिकले ते उचलण्याच्या ताकदीमुळे, उघड्यावर दुरुस्त होण्याच्या साधेपणामुळे आणि जेथे रस्ता संपतो तेथून पुढे जाण्याच्या तयारीमुळे. सैबेरियाच्या चिखलाने ज्या गरजेला जन्म दिला, ती गरज मेघनेच्या तीरावर, हिमालयाच्या कड्यावर आणि चेर्नोबिलच्या धुरावरही तीच होती. त्या यंत्रात काय भरून न्यावयाचे हे मात्र माणसाने ठरविले. आणि त्याची जबाबदारीही त्याच्याच शिरावर राहते.